रुपरावचा शब्द

नागपूरच्या लकडगंजातला रुपराव ढोबळे सायकलरिक्षावर भोंगा बांधून सिनेमांची, सभांची जाहिरात करायचा. १९८६ साली सोव्हिएत संघात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. नागपूरजवळही तसलं वीजघर होणार, अशी बोलवा होती. लोक धास्तावले. तेव्हा एका सरकारी साहेबानं रुपरावला सांगितलं, "सभेत लोकांचं मत घेऊनच ठरवणार, असं गल्लोगल्ली सांग."

रुपरावला ते खरंच वाटलं. ओळखीच्या दारापुढं रिक्षा थांबवून तो पदरचं जोडायचा, "माया शब्द हाय, या!"

सभेचा मांडव भरला. साहेब विजेचे फायदे सांगून निघाला, तशी रुपरावची शेजारीण मनकर्णाबाई उठली. "साहेब, आमचं मत कवा घेता?"

"जागा वरूनच ठरली आहे, बाई. आज फक्त माहिती दिली."

रुपरावनं धावत जाऊन माइक तिच्या हाती दिला. साहेबाच्या माणसानं वायर उपटली.

परतताना मनकर्णाबाई म्हणाली, "साहेबाले मी कुठं वळखतो गा? मी तुया शब्दावर आली होती."

 पुढं सरकारी सभेचं काम रुपरावनं कधीच घेतलं नाही. पण साधी सर्कस आली म्हणून ओरडला, तरी बाया दारातून विचारत, "खरंच आली का गा?"