लाल वाईन आणि माझं निधन

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी, जेवणाच्या जरा आधी, दिग्रसमध्ये माझं निधन झालं. कारण, लाल वाईन. (प्यालो नव्हतो. उघडत होतो!)

आमची एकुलती एक मुलगी रेवा नाशिकला वाईनच्या कारखान्यात आहे. येणाऱ्या पाहुण्यांना वाईन चाखायला शिकवायची, हे तिचं काम. (नातेवाइकांना आम्ही 'फळप्रक्रिया' सांगतो.) दिवाळीला तिला सुट्टी मिळाली नाही. तिच्यासाठी ठेवलेल्या करंज्या डब्यात मऊ पडल्या, पण बायको कोणाला हात लावू देईना. शेवटी रेवानं ओळखीच्या माणसाबरोबर एक बाटली पाठवली. म्हणाली, "बाबा, रविवारी व्हिडिओवर सोबत चाखू."

रविवारी मी पांढरा सदरा घालून फोनपुढे बसलो.

"बाबा, बूच काढा."

"कायनं काढू?"

"ओपनर राह्यला वाटते पाठवायचा. मंग राहू द्या आज."

राहू द्या? दिवाळीपासून वाट पाहिली होती! मी लाटण्याचं टोक बुचावर ठेवलं आणि अंगातला सगळा जोर लावला. बूच आत गेलं. वाईन बाहेर आली. पार छतापर्यंत! मी दचकलो, खुर्ची उलटली, फोन आणि बाटली माझ्या अंगावर.

धाडकन आवाज ऐकून शेजारच्या शोभाताई धावत आल्या. मी जमिनीवर, लालेलाल.

"अवं वैनी! भाऊ गेले वं!"

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. रेवाचाच. तो उचलला शोभाताईंनी! "पोरी, ये लवकर. रक्तच रक्त आहे!" एवढं सांगून त्या रडायला लागल्या आणि फोन बंद.

बायको स्वयंपाकघरातून आली. एक नजर टाकून म्हणाली, "गेले असते तं गप्प पडले असते. कण्हून राह्यले ना! उठा, फरशी पुसा."

मी नळावर तोंड धूत असताना मागून कोणीतरी हळूच विचारलं, "किती वाजता काढून राह्यले?"

"काय?"

"भाऊले."

गल्लीची समजूत घालून रेवाला फोन लावेपर्यंत बराच वेळ गेला.

"अवं, जित्ता आहो मी!"

पलीकडे रडणं, मग हसणं, मग गाडीचा हॉर्न.

"मी गाडीत बसली, बाबा."

"मंग उतरून जाय. कायले सुट्टी वाया घालवतं?"

"आता नाही उतरत."

दुसऱ्या दिवशी रेवा आली. नवी बाटली घेऊन, ओपनरसकट. स्टीलच्या पेल्यांत तिनं थोडी थोडी ओतली.

"लगेच गिळू नका. तोंडात घोळवा. काय येते?"

"जांभूळ... मंग ओलं लाकूड... आन् शेवटी सरकी. कापसाच्या जिनिंगपाशी येते तशी."

मला वाटलं, हसेल. तिनं पुन्हा घोट घेतला, डोळे मिटले. "मलेबी येते, बाबा. तिथं सांगितलं तं सगळे हसतात."

"मले तं खोकल्याचं औषध लागते," बायको म्हणाली आणि खुर्ची रेवाजवळ सरकवून पेला पुन्हा पुढे केला.

ती दोन दिवस राहिली. स्टँडवर गाडी हलायला लागली तसा मी छातीवर हात ठेवून हळूच खाली बसलो. रेवानं खिडकीतून पाहिलं, हसली, हात हलवला आणि गेली. फसले ते दोन ऑटोवाले. त्यांनी मला उचलून थेट दवाखान्यात नेलं.

"कुठं दुखते?" डॉक्टरांनी विचारलं.

खरं कुठं दुखत होतं ते सांगता येईना, म्हणून कंबर म्हणालो. इंजेक्शनही तिथंच दिलं!