शू-काकांची रिकामी कपाटं

आमच्या आळीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीला लागून, एक सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे सगळं मिळायचं. माळ्यावरचं सामान काढायचं असेल तर शिडी मिळायची. अडाण्याला अर्ज भरून मिळायचा. दर सोमवारी नर्सबाई येऊन रक्तदाब तपासायच्या. कुणाचं पोर शाळेतून लवकर सुटलं, तर आई येईपर्यंत त्याला बाकावर बसायला मिळायचं. पुस्तक तेवढं मिळायचं नाही.

पुस्तकं नव्हती असं नाही. चारी भिंतींना कपाटं होती नि ती गच्च भरलेली होती. पण पुस्तकांच्या आणि आमच्या मधे शू-काका बसलेले असत.

शू-काका म्हणजे ग्रंथपाल. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव असेलच. आम्हाला गप्प करताना त्यांच्या तोंडून निघणारा तो 'शूऽऽ' पुरेसा होता. माणूस उंच, वाळलेला, खांद्यात वाकलेला, जन्मभर खालच्या फळीवर काहीतरी शोधत असल्यासारखा. पुस्तकांवर त्यांचा भारी जीव. विहिरीचा पाण्यावर जीव जडावा आणि पोहरा दिसला की तिनं अंग चोरावं, तसा.

कुणी पुस्तक मागितलं की म्हणायचे, "हात दाखवा."

हात दोन्ही बाजूंनी तपासून व्हायचे.

"घरात लहान मूल?"

"आहे."

"मग फाटेल. नको."

मूल नाही म्हणावं, तर म्हणायचे, "मग एकटेच जेवता जेवता वाचत बसाल. डाग पडेल. शिडी हवी का?"

आणि माणूस पुस्तकाला येऊन शिडी घेऊन जायचा. आळीत कुणाच्या माळ्यावर जळमट म्हणून राहिलं नाही.

वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत काकांचं बिऱ्हाड. काकूंच्या आणि पुस्तकांच्या मधे एवढी एकच भिंत, पण लग्नापासून एक पान त्यांच्या हाती आलं नव्हतं. "माझ्या हातांना कांद्याचा वास येतो म्हणे," काकू नळावर सांगायच्या. "त्याच हातचं जेवताना मात्र नाक कुठे जातं, देव जाणे."

असं सुरळीत चाललं असताना एक दिवस मुख्य कार्यालयाचा फोन आला. ज्या शाखेतली पुस्तकं बाहेर जात नाहीत, ती शाखा बंद. सोमवारी साहेब स्वतः बघायला येणार. शाखा बंद झाली, तर पुस्तकं गोदामात.

काकांनी ते गोदाम एकदा पाहिलं होतं. तिथे वाळवी सोडली तर वाचणारं कुणी नव्हतं. ते फोन हातात धरून तसेच बसून राहिले. शिवणताई शिडी परत करायला आल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं. ही बाई आळीचे कपडे शिवते आणि आळीचे कान उपटते.

"काका, कोण गेलं?"

काकांनी सांगितलं.

"हात्तिच्या! मग द्या की आम्हाला!"

पोटची पोर मागितल्यासारखं काकांनी त्यांच्याकडे बघितलं. पण गोदामापेक्षा आळी बरी. दुसऱ्या दिवशी सगळी आळी दारात उभी राहिली. वाचायची हौस होती असं मी म्हणणार नाही. पण शाखा गेली की शिडी जाणार, नर्सबाई जाणार, बाक जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

काका एकेक पुस्तक देत होते आणि दर पुस्तकामागे बजावत होते. "पान दुमडायचं नाही. बोटाला थुंकी लावायची नाही. उन्हात ठेवायचं नाही."

इस्त्रीवाल्यानं विचारलं, "काका, उघडलं तर चालेल ना?"

काकांनी बराच विचार केला. "जपून," म्हणाले.

संध्याकाळी कपाटं ओकीबोकी झाली. काका फडकं घेऊन रिकाम्या फळ्या पुसत बसले.

सोमवारी साहेब आले. आत पाऊल टाकलं आणि थबकले.

"पुस्तकं कुठेत?"

"बाहेर गेलीत."

"सगळी?"

"सगळी, साहेब."

साहेबांनी पुष्कळ शाखा नि पुष्कळ लबाड पाहिले होते. "रद्दीत घातलीत का हो?"

नर्सबाई शिवणताईंचा रक्तदाब बघत होत्या. ताई दंडाचा पट्टा तसाच घेऊन उठल्या. "चला साहेब, दाखवते!"

सगळी वरात निघाली. इस्त्रीवाल्यानं लोखंडी कपाट उघडलं, ठेवणीतले कपडे बाजूला सारले आणि कडक इस्त्रीच्या उशीच्या अभ्र्यातून पुस्तक काढलं. गिरणीवाल्यानं पीठ बसू नये म्हणून आपल्या पुस्तकाचं बोचकं करून आढ्याला टांगलं होतं. ते उतरवायला वाचनालयातून शिडी आणावी लागली. शिवणताईंनी तर आपल्या पुस्तकाला गुंड्यांचा अंगरखाच शिवला होता.

"वाचलंत का?" साहेबांनी विचारलं.

"धीर होत नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "रोज हात धुते. ते वाळेपर्यंत गिऱ्हाईक येतं."

आता शाखा गेली, असं काका धरून चालले. पण साहेब त्या अंगरख्याच्या गुंड्या हलक्या हातानं परत लावत होते. दुसऱ्या शाखांत पुस्तकं परत येत ती बिनपाठीची नि पानापानांवर वाणसामानाचे हिशेब लिहिलेली. "पुस्तक बाहेर गेलं की नाही, एवढंच मी बघतो," ते म्हणाले. "वाचलं का, हे आमच्याकडे विचारत नाहीत." जाताना त्यांनी शाखा आदर्श ठरवली. तशी पाटीही आली. ती रिकाम्या कपाटांच्या मधोमध ठोकली.

शाखा वाचली. पुस्तकं मात्र परत येईनात. काका पिशवी घेऊन दारोदार हिंडले.

"इतक्यात?" गिरणीवाला म्हणाला. "आत्ता कुठे पहिलं पान संपलं. जपून म्हणाला होतात ना?"

शिवणताईंच्या दारात ते पोचले तेव्हा मशीन बंद होतं. ताईंनी अर्धी बाही सुईखाली तशीच सोडली होती आणि त्या ओठ हलवत वाचत होत्या. काका रिकामी पिशवी घेऊन मागच्या पावली परतले.

वाचनालयात येऊन बसतात तो काकू पुढच्या दारानं आत आल्या. ओले हात पुढे धरलेले.

"एक पुस्तक द्या."

"एकही नाही गं. सगळी गेली."

"टेबलाच्या खणात आहे ते? बाकीची आळीला दिलीत, हे एक साहेबापासून लपवलंत. मी काय आंधळी आहे?"

काकांनी काकूंकडे पाहिलं, मग दाराबाहेर आळीकडे. खण उघडला. पुस्तक काढून, फुंकर मारून, काकूंच्या पुढ्यात ठेवलं. काकूंनी हात पुसले आणि वाचकांच्या बाकावर ऐसपैस बसल्या.

"पान दुमडू नकोस," काका म्हणाले. "आणि उघडताना पाठ मोडणार नाही असं..."

काकूंनी पानावरची नजर काढली नाही.

"शूऽऽ," त्या म्हणाल्या.