दहाव्या घरातली चूल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझा तोरा ऐकून घ्या. वसमतला आम्हा बौद्धांची चाळ होती. एका ओळीत दहा घरं, वर पत्रे, मधल्या भिंती सामाईक. एका घरात धूर झाला की दहाही घरं खोकायची. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोनेक वर्षांनी सरकारची एक योजना आली. घरोघरी बिनधुराची चूल बसवा, सरपण निम्म्यावर आणा, मग चाळीत वीज आणायचा खर्च सरकार देईल. अट एकच — दहाच्या दहा चुली चालल्या पाहिजेत. त्या चुली घालायला शिकायला चाळीतून एकटी मी गेले. चौथी शिकलेली, हट्टा गावच्या मजुराची पोर. आणि काय चुली घातल्या म्हणून सांगू.

चुलीतून धुराड्याकडे जाणारी वाट मातीत कोरता येत नाही. आमच्याकडे केळी भरपूर, म्हणून मी कोवळ्या केळीच्या बुंध्याचा तुकडा आत ठेवायची, त्यावर माती लिंपायची, आणि तिसऱ्या दिवशी तो हळूच ओढून काढायची. आत गुळगुळीत वाट तयार. ही युक्ती माझी स्वतःची, शिकवणाऱ्या बाईंनाही ठाऊक नव्हती. नऊ घरांच्या भिंती वर्षभर पांढऱ्या राहिल्या. त्याचा अभिमान मला आजही आहे, आणि तो मी का लपवू?

दहावं घर गयामावशीचं. एकटी विधवा बाई, हळदीच्या वखारीत कामाला जायची. तिची चूल मी सगळ्यात शेवटी घातली. तिसऱ्या दिवशी बुंधा ओढला तर — कसं सांगू — अर्धाच हातात आला. उरलेला आत. मला तेव्हाच कळलं होतं. पण चुली तपासायला येणारे सरकारी साहेब चार दिवसांवर आले होते, चूल फोडून नवी घातली तर वाळणार कधी? जळून जाईल आपोआप, म्हटलं, आणि हात धुतले.

तो जळला नाही. मावशीच्या घरात धूर कोंडला. चाळीतल्या बाया दारात जमल्या, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी — ज्या तोंडाने आज तुमच्याशी बोलते आहे त्याच तोंडाने — म्हणाले, "चुलीला काय झालंय? मावशी ओली पऱ्हाटी घालून राहिली. नऊ जणींना जमतं, हिलाच काहून न्हाई?"

मावशी डोळे पुसत होती. धुराने की कशाने, ते मी बघितलं नाही. बाया तिला वाटेल ते बोलल्या, हिच्या एकटीपायी आपली लाईट जाणार म्हणाल्या. साहेब आले त्या दिवशी मीच तिला सांगितलं, चूल पेटवू नको, उंबऱ्यात बस आणि सगळं बराबर आहे म्हण. तिने तसं सांगितलं. जन्मात खोटं न बोललेली बाई, माझ्यासाठी बोलली. साहेबांनी माझ्या घरी, माझ्या चुलीवरचा चहा घेतला. पुढच्या उन्हाळ्यात चाळीत दिवे लागले.

मग तरी चूल फोडायला काय हरकत होती? एका सकाळचं काम. पण फोडली असती तर तो तुकडा सगळ्यांसमोर बाहेर पडला असता. मला पुसेगावपासून बोलावणी येऊ लागली होती, लोक मला चुलीवाली शांताबाई म्हणून राहिले होते. मी फोडली नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, ती गेली तोवर नाही.

गयामावशी अंगणात तीन दगड मांडून भाकरी भाजायची. पावसाळ्यात वर पोतं धरून. आतल्या चुलीला मात्र ती दर आठवड्याला पोतेरं करायची, आणि बाहेरगावची माणसं चुली बघायला आली की त्यांना हाताला धरून आत न्यायची.

"ही आमच्या शांताने घातलेली," म्हणायची. "पोरीचा हात लई चांगला. मलाच जमली न्हाई, माझाच हात बिनकामाचा."

मी शेजारी उभी असायची. छाती फुगलेली. एकदाही म्हणाले नाही की मावशी, तुझ्या हाताला काही झालेलं नाही.