स्क्रीनवरचं ‘शे’

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. जळगावला पिंप्राळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवायचो. मशीन बंद पडलं की शेजारी लिंबू-मिरची बांधायला सांगायचे आणि मी खोलून धूळ झटकायचो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

पंचाण्णव-शहाण्णवचा उन्हाळा असेल. क्लास आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत. माझी थोरली बहीण, अक्का, शिंदखेड्याहून बाळंतपणासाठी आली होती. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. आता आठवा महिना, आणि घरात सगळे दबक्या आवाजात बोलायचे. अक्का तर हसणंच विसरली होती.

तिचा जीव रमावा म्हणून मी तिला एक गेम लावून दिला. मित्रानं फ्लॉपीवर दिलेला. ठिपक्याठिपक्यांचे चौकोनी प्राणी. त्यातले दोन निवडायचे, त्यांचे गुण मिसळायचे — कान एकाचे, शेपूट दुसऱ्याची, मध्येच आजीचा रंग! — की अंडं येतं. अंड्याखाली रिकामी चौकट. तिथं इंग्रजीत नाव टाईप केलं की अंडं फुटतं. मारामारी नाही, हरणं-जिंकणं नाही. एकदा लांब कानांचा प्राणी निघाला, तर अक्का म्हणाली, “ह्या ते तुन्हा दाजीच शेतस!” आणि खळखळून हसली. कित्येक महिन्यांनी.

एके दुपारी मात्र ती पांढरीफटक होऊन बाहेर आली.

“भाऊ, सकायपासून हालेल नही रे...”

दाजी त्या दिवशी तिला भेटायला आलेले होते, ते रिक्षा आणायला धावले. आई आत पिशवी भरायला लागली. मी अक्काला खुर्चीत बसवलं. समोर गेम चालूच होता, नावाची वाट बघत थांबलेलं एक अंडं. कीबोर्डवर प्लास्टिकचं झाकण होतं, मीच सकाळी घातलेलं. अक्का पोटावर हात ठेवून त्या अंड्याकडे बघत राहिली.

“आतमा जीव शे का नही?”

मला विचारलं, अंड्याला की देवाला, कोण जाणे.

तेवढ्यात त्या रिकाम्या चौकटीत अक्षरं उमटली. एकेक करून. एस... एच... ई.

मी वाचलं ‘शी’. म्हणजे ती. अक्का सातवी पास. तिनं काचेवर बोट ठेवून अक्षरं जुळवली आणि आपल्या अहिराणीत वाचलं —

“शे! भाऊ, शे म्हणी राहिनं हाई!”

शे. म्हणजे आहे.

आणि तिनं माझा हात गच्च धरला. “हालनं! हालनं रे भाऊ!” स्क्रीनवर अंडं फुटलं होतं, इकडे ती रडत होती, हसत होती, मीही तसाच. दाजी रिक्षा घेऊन आले ते आम्हाला बघून घाबरलेच. दवाखान्यात गेलो. ठोके एकदम ठणठणीत! महिन्याभरानं मुलगी झाली. कान दाजींचेच.

मित्र म्हणाला, प्रोग्रॅममध्ये गडबड असेल. मी पुढं कित्येक महिने मुद्दाम अंडी तशीच ठेवून दिली. त्या गेमनं स्वतःहून एक अक्षरही कधी टाईप केलं नाही. आणि ते ‘शी’ होतं की ‘शे’? दोन्ही खरं ठरलं, आता काय बोलायचं!

परवा हीच भाची मला समजावत होती, “मामा, बटण अडकलं असेल.” तीन बटणं? ओळीनं? झाकणाखाली? अक्का भाजी निवडत ऐकत होती. उठली, आणि लेकीचा कान धरून म्हणाली,

“इतला मोठा कान शेतस, तरी ऐकस नही. तू शे ना? मंग!”