होळीचे पाच रकाने

दलसिंगभाऊ लोणखेड्याजवळच्या आमच्या कॉलेजात शिपाई. सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या एका पाड्यावरून वीस वर्षांपूर्वी आले ते इथलेच झाले. रोज सकाळी साडेआठला भूगोल विभागामागच्या पर्जन्यमापकापाशी जायचं, पडलेलं पाणी मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा, हे काम त्यांना कुणीतरी तात्पुरतं म्हणून सांगितलं होतं. सांगणारे निवृत्त झाले, यांनी काही सोडलं नाही. भर उन्हाळ्यातही जायचे, कोरडं मापपात्र डोळ्यांसमोर धरायचे आणि मगच शून्य लिहायचे. आम्ही प्राध्यापक मंडळी हसायचो. मी जरा जास्तच.

पुढे त्याच वह्यांवर मी पीएच.डी. मिळवली. तासिका तत्त्वावर नऊ वर्षं घासल्यानंतर विद्यापीठात हवामानबदलाच्या संशोधनासाठी एक कायमची जागा निघाली. वय बघता ही माझी शेवटचीच संधी होती.

फक्त एक अडचण होती. शेवटच्या चार वर्षांच्या वह्यांत होळीचे पाच-पाच रकाने कोरे होते. भाऊंची मुलगी दुखण्यातून वाचली, तेव्हा त्यांनी पाच वर्षं काठीच्या होळीला पाळणी धरण्याचा नवस बोलला होता. पाळणीत जमिनीवर निजायचं, घरापासून दूर राहायचं, व्रत मोडू द्यायचं नाही. त्या दिवसांत ते रजेवर असत. स्वतः बघितलं नाही म्हणून त्यांनी आकडा लिहिला नाही. मी मात्र प्रबंधात तिथे बेधडक शून्य टाकले. मार्चमध्ये कुठला आलाय पाऊस!

मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"दोन वर्षांपूर्वी होळीला तुमच्याकडे गारपीट झाली होती. इथे शून्य कसं?"

भाऊ मूळ वह्यांची पिशवी घेऊन बाहेर बाकावर बसले होते. मीच त्यांना सोबत आणलं होतं. वही मागवली तर कोरा रकाना दिसणार आणि माझी लबाडी उघडी पडणार.

"शिपायाची नोंद आहे, मॅडम," मी म्हणाले. "डोंगरातला माणूस. न बघताच टाकलं असेल शून्य."

समिती समजूतदारपणे हसली. माझ्या मागे दार सताड उघडं होतं.

परतीच्या एसटीत भाऊ वह्यांची पिशवी मांडीवर धरून बसले होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शहाद्याला उतरताना एवढंच म्हणाले, "मॅडम, रकाना कोरा ठेवना, मन्हीच चूक व्हयनी. यंदा मी काठीले जात नही."

ते नवसाचं शेवटचं वर्ष होतं. तिथल्या तिथे त्यांचे पाय धरून खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बघा, तुम्हाला वाटेल तसं."

नेमणूक झाली. लोकांनी पेढे मागितले, मी निर्लज्जासारखे वाटले.

होळीच्या सकाळी विद्यापीठाच्या नव्या क्वार्टरमध्ये चहा गाळत होते, तेव्हा फोन वाजला.

"मॅडम, आज शून्य," भाऊ म्हणाले. "देखीसन लिखं शे."

पलीकडे ते थांबून राहिले होते. मी काहीतरी म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मी गाळणी बाजूला ठेवली.

"छान केलंत, भाऊ."