लिंबांची वीज आणि अक्का

दीड महिन्यापूर्वी आमच्या जळगावच्या शाळेत पिंपळनेरहून फोन आला. अक्का, माझ्या सासूबाई, सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. वय झालं होतं, हाल झाले नाहीत. रिसीव्हर ठेवला आणि लग्नाच्या पहिल्या वर्षातली एक दुपार आठवली...

बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष अर्धवट सोडून मी त्या घरात आले होते. धुळ्याला परत जाऊन परीक्षा देण्याचा विषय काढला की आबा, म्हणजे सासरे, टोपी घालून बाहेर पडायचे. त्या दुपारी धाकट्या नणंदेला शाळेसाठी एक प्रयोग हवा होता. मी जुन्या सेलच्या जस्ताच्या पट्ट्या कापल्या, पाच लिंबांत एकेक पट्टी आणि तांब्याची तार खोचली, सगळी एकापुढे एक जोडली. टॉर्चचा बल्ब लागेना. मग रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून अगदी कमी विजेवर लागणारा टिकलीएवढा लाल एलईडी दिवा आणला. तोही लागेना. माझे डोळेच भरून आले. शिकलेलं सगळं विसरले की काय, असं वाटलं...

अक्का भाकरी थापता थापता बघत होत्या. चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, "टॉर्चमा सेल उलटा पडना ते उजेड पडत नई. तार उलटी करी देख."

टोकं बदलली आणि दिवा लागला!

"निंबूमा इतली वीज व्हती?"

वीज जस्त झिजून होते, आंबट रस तिला वाट करून देतो, असं मी सांगितलं. मग काय, टोपलीतलं वांगं, केळं, बटाटा, सगळ्यांची परीक्षा झाली. जस्त खोचलेलं काही खायचं नाही म्हटल्यावर मात्र त्या पाच लिंबांसाठी हळहळल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतलं येस तुले, मंग घर कसाले बठनी?"

त्याच संध्याकाळी जेवताना त्यांनी आबांना सांगून टाकलं, "सून परीक्षाले जाई. भाकरी मी करसू."

आबा ताटाकडे बघत म्हणाले, "मी कोठे नई म्हणनू?"

मी पास झाले, शिक्षिका झाले. पुढे अक्का आमच्याकडे राहायला आल्या की मी पेपर तपासत असताना शेजारी बसायच्या, गठ्ठ्याचे कोपरे सारखे करायच्या आणि कुणाला माझ्याशी बोलू द्यायच्या नाहीत.

परवा सहामाहीचे पेपर घेऊन बसले. घरात कुणीतरी आपणहून टीव्ही बंद केला. मी थोडी सरकून बसले, शेजारी एका माणसाची जागा राहील एवढी.