मातामायचं सीताफळ

"मॅडम, हा तं शिरा झाला जी!" वनितानं टोपल्यावरचा पाला बाजूला केला. सीताफळं बोट लावताच फुटत होती.

चिनू, मीरा, आजी नोकरीत नेमकं काय करायची, असं तुम्ही विचारलं होतं. मी फळं पिकू न देण्याचा पगार घ्यायची. तोडलेलं फळ जितके दिवस खाण्याजोगं राहतं, त्याला आम्ही शेल्फ लाइफ म्हणतो. ती वाढवणं हे माझं काम.

वनिताचा बचत गट गोंडपिपरीजवळच्या एका गावातला. माझ्या सांगण्यावरून त्यांनी कूल चेंबर बांधलं होतं. नाव मोठं, वस्तू साधी. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत रेती, रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओल्या पोत्याचं झाकण. माठातलं पाणी गार होतं तशीच आतली फळं गार राहतात. वीज लागत नाही. तरी पहिली खेप ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीतल्या मेसमध्ये पोचली ती मऊ होऊन, आणि तशीच परत आली.

मेसच्या मॅनेजरांनी मला फोनवर बजावलं, "पुढची खेप अशीच आली, तर मी नागपूरहून मागवीन."

गटाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. हे सुटलं, तर बायका पुन्हा टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला एसटीची वाट पाहत बसणार.

मी सगळं तपासलं. तोडणी वेळेवर होती. फळ कडक, सालीवरच्या डोळ्यांमधली रेघ नुकती पिवळसर. रेती ओली. थर्मामीटरही खूश.

"पाणी कोण घालतं?"

"माही सासू."

सगुणाबाई पदर खोचून आल्या. "मी चुकत नाई हो बाई. मातामायच्या पाण्याले कोणी चुकते का?"

"मातामायच्या?"

त्यांनी पोतं उचललं आणि कोपऱ्यातून एक परडी काढली. आत हळदकुंकू लावलेली, पार पिकलेली सीताफळं. "झाडाचं पयलं पिकलेलं फळ तिचं. मंगळवारी देवळात नेतो. तिले थंडच लागते, म्हणून इथी ठेवली."

मातामाय ही वेशीवरची देवी. तिला गारवा प्रिय. सगुणाबाईंचा हिशेब चोख होता. अडचण एवढीच, की पिकलेलं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. तो शेजारच्या कच्च्या फळाला सांगतो, चल, तूही पीक. झाकणाखाली कोंडला, की सगळ्यांनाच सांगत सुटतो.

"ही परडी बाहेर काढावी लागेल," मी म्हटलं.

"देवीले बाहेर काढता? काऊन?"

वनिता जमिनीकडे पाहू लागली. एका बाजूला गिऱ्हाईक, दुसऱ्या बाजूला सासू. इथे इथिलीनचं लेक्चर चालणार नव्हतं.

"सगुणाबाई, देवीला तुम्ही भाडेकरूंच्या गर्दीत बसवलंय. तिला स्वतंत्र खोली नको?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "हे पयलेच काऊन नाई सांगतलं?"

संध्याकाळपर्यंत उरलेल्या विटांची छोटी खोली उभी राहिली. कडुलिंबाखाली, चेंबरपासून चांगली लांब. सगुणाबाई दोन्हीकडे पाणी घालू लागल्या, देवीकडे आधी. इथिलीन मी मग चहा पिता पिता समजावलं.

पुढची खेप टणक पोचली. लगेच मॅनेजरांचा फोन. "मॅडम, हे तर दगड आहेत! परवा इथे जेवणावळ आहे. पिकवू कशी?"

फोन स्पीकरवर होता. मी तोंड उघडण्याआधी सगुणाबाई ओरडल्या, "पिकलेलं एक फळ कच्च्यायच्या मधात ठेवा, अन् झाकून द्या! रिकामी बोंब काऊन मारून राह्यले?"

जेवणावळ गोड झाली. गिऱ्हाईक टिकलं. तेव्हापासून प्रत्येक खेपेबरोबर वेगळ्या पिशवीत एक पिकलेलं फळ जाऊ लागलं. मॅनेजर त्याला 'स्टार्टर' म्हणायचे, सगुणाबाई 'परसाद'.

तुमची आई दर फोनला विचारते, कायमची आमच्याकडे राहायला का येत नाहीस? तिला हे वाचून दाखवा. पिकलेल्यांची खोली वेगळी आणि जरा लांबच बरी. तुम्ही अजून छान कच्चे आहात.